आरोग्यसेवा : संख्येकडून गुणवत्तेकडे

(नेवासा येथे पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे माहिती अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



प्रवरेच्या काठी वसलेल्या या गावी लोकांना काही समजावून सांगण्यासाठी उभे राहणे ही मोठ्या जबाबदारीची गोष्ट आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, श्रीज्ञानेश्वर महाराजांनी येथेच गीतेचा अर्थ मराठीतून सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. थोड्यांच्या हाती असलेले ज्ञान सर्वांच्या बोलीत आणण्याचे कार्य या भूमीत घडले. आमच्या माहिती खात्याचे काम त्या मानाने फारच लहान आहे. पण दिशा तीच आहे. शासकीय दवाखान्यात येणाऱ्या रुग्णाला कोणत्या दर्जाची सेवा मिळाली पाहिजे, हे आज बारीकसारीक तपशिलांसह लिहून ठेवलेले आहे. परंतु ते बहुतांशी इंग्रजीतील जाडजूड पुस्तिकांत आहे. ज्या मातेसाठी, ज्या बालकासाठी आणि ज्या वृद्धासाठी ते लिहिले गेले, त्यांच्या कानी ते क्वचितच पडते. त्या पुस्तिकांतील आशय आपणांपुढे सोप्या शब्दांत ठेवावा आणि त्याच्या अंमलबजावणीत गावाचा वाटा कोणता ते सांगावे, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

दवाखान्यापर्यंतची वाट

प्रथम थोडे मागे वळून पाहू. १९४६ साली भोर समितीने आपला अहवाल सादर केला आणि ग्रामीण भागासाठी प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना पुढे आली. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण आरोग्याची मोठी जबाबदारी लोकनियुक्त संस्थांकडे आली. पुढे लोकसंख्येनुसार प्रमाण ठरले. सपाटीच्या प्रदेशात पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगराळ व आदिवासी भागात हेच प्रमाण अनुक्रमे तीन हजार आणि वीस हजार. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्यातून आशा कार्यकर्ती आली आणि गावपातळीवर निधी आला. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रुग्णालयातील आहार आणि घरी परतण्याचे वाहन हे सारे विनामूल्य झाले. २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात धावू लागली. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क करण्यात आले.

या प्रयत्नांचे फळ दिसून आले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये महाराष्ट्रातील शंभरांपैकी सुमारे ६५ प्रसूती दवाखान्यात होत असत. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ९४.७ टक्क्यांवर गेले. एक लाख जिवंत जन्मांमागे माता मृत्यूंचे प्रमाण २००४-०६ मध्ये १३० होते, ते २०१८-२० मध्ये ३३ वर आले. ज्या पिढीने घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बाळंतपणे पाहिली, तिला या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

पण येथूनच खरा प्रश्न सुरू होतो. बाई दवाखान्यात येते की नाही, ही पूर्वीची चिंता होती. आता ती येते. मग आल्यावर तिला काय मिळते? २०१८ मध्ये आरोग्यसेवेच्या दर्जाविषयी नेमलेल्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाने कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांचा अभ्यास केला. उपचाराने टळू शकले असते असे जे मृत्यू तेथे होतात, त्यांपैकी सुमारे साठ टक्के मृत्यूंमागे उपचार निकृष्ट असणे हे कारण आहे, असा निष्कर्ष त्या आयोगाने काढला. उपचार न मिळाल्याने होणारे मृत्यू त्याहून कमी आहेत. रुग्ण उंबऱ्यापर्यंत पोहोचला आणि उंबऱ्याच्या आत हरला, असा याचा अर्थ आहे. आरोग्यसेवेचा विस्तार हा पहिला टप्पा होता. गुणवत्ता हा दुसरा टप्पा आहे आणि तो अधिक कठीण आहे. कारण इमारत एकदा बांधली की उभी राहते, पण गुणवत्ता रोज नव्याने उभी करावी लागते.

दर्जा कशास म्हणावे?

दर्जा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर मोठी यंत्रे आणि चकचकीत फरशी येते. आपल्याकडील जुना विचार मात्र याहून सखोल होता. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या अंगी ज्ञान आणि दक्षता यांबरोबर रुग्णाविषयी ममत्व व स्वच्छताही असावी, अशी तेथे अपेक्षा आहे. रुग्णाविषयीची अपेक्षा तर विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. त्याने निर्भय असावे आणि आपली व्यथा सांगू शकणारे असावे. ज्या दवाखान्यात रुग्ण भीतीने गप्प बसतो, तेथे चिकित्सेचा चौथा पाय लंगडा असतो, असेच म्हटले पाहिजे.

आधुनिक काळात एव्हेडिस डोनाबेडियन या अभ्यासकाने १९६६ मध्ये आरोग्यसेवेचा दर्जा तीन अंगांनी पाहावा असे सुचविले. साधने आहेत काय, काम योग्य रीतीने होते काय आणि त्याचा परिणाम काय झाला, ही ती तीन अंगे होत. आपले लक्ष बहुधा पहिल्या अंगापाशी थांबते. पण दुसऱ्या अंगाचे सामर्थ्य किती मोठे असते, हे व्हिएन्ना शहरातील एका रुग्णालयाने फार पूर्वी दाखवून दिले. तेथील एका प्रसूती विभागात सूतिकाज्वराने शंभरांतील दहाहून अधिक बाळंतिणी दगावत असत. त्या विभागात आपल्याला ठेवू नये म्हणून स्त्रिया विनवण्या करीत. १८४७ मध्ये इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टराने नियम घातला की, शवविच्छेदन करून येणाऱ्या प्रत्येकाने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवावेत. पुढल्या वर्षी मृत्यूंचे प्रमाण शेकडा दोनच्याही खाली आले. इमारत तीच होती, खाटा त्याच होत्या, डॉक्टरही तेच होते. बदलली ती केवळ कामाची रीत.

शासनाने आखलेली मोजपट्टी

ही रीत प्रत्येक संस्थेत बसविण्यासाठी शासनाने टप्प्याटप्प्याने योजना आखली. २००७ मध्ये भारतीय सार्वजनिक आरोग्य मानके ठरली. २०१२ आणि २०२२ मध्ये ती सुधारण्यात आली. कोणत्या संस्थेत किती कर्मचारी, कोणती उपकरणे आणि कोणत्या सेवा असाव्यात, हे त्यांत सांगितले आहे. म्हणजे हे पहिले अंग झाले. २०१३ मध्ये राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानके आली. त्यांनी दुसऱ्या व तिसऱ्या अंगालाही हात घातला. या मानकांत आठ क्षेत्रे आहेत : उपलब्ध सेवा, रुग्णांचे हक्क, साधनसामग्री व मनुष्यबळ, साहाय्यभूत सेवा, वैद्यकीय उपचार, संसर्ग नियंत्रण, गुणवत्तेचे व्यवस्थापन आणि फलनिष्पत्ती. रुग्णांचे हक्क येथे दुसऱ्या क्रमांकावर आहेत, हे आपण लक्षात ठेवावे.

मूल्यमापन कसे होते, तेही समजून घेण्यासारखे आहे. मूल्यमापन करणारे पथक चार मार्गांनी माहिती मिळविते. ते स्वतः पाहते, कर्मचाऱ्यांना विचारते, नोंदी तपासते आणि रुग्णांशी बोलते. तपासणी सूचीतील प्रत्येक मुद्द्याला पूर्ण पूर्तता असल्यास दोन, अंशतः असल्यास एक आणि नसल्यास शून्य असे गुण मिळतात.

उदाहरणासाठी प्रसूतिकक्ष घेऊ. जन्मताच न रडणाऱ्या बाळाला श्वास देण्यासाठी पिशवी व मुखवटा असलेले एक साधे उपकरण लागते. ते कपाटात कुलूपबंद असेल तर साठा नोंदवहीत त्याची नोंद मिळेल. पण बाळाला त्याचा उपयोग होणार नाही. म्हणून पथक विचारते : उपकरण बाळाच्या टेबलापाशी हाताशी आहे काय? मुखवटा नवजात बालकाच्या मापाचा आहे काय? रात्रपाळीच्या परिचारिकेला ते वापरून दाखविता येते काय? ज्या बाळांना त्याची गरज पडली, त्यांची नोंद आहे काय? एका वस्तूविषयी चार प्रश्न आणि चारही प्रश्न एका जिवाशी निगडित! बाळाच्या आयुष्यातील पहिले मिनिट कुलपाची किल्ली शोधण्यात जाऊ नये, यासाठी ही सारी प्रश्नावली आहे.

पात्र ठरण्यासाठी किमान सत्तर टक्के गुण मिळवावे लागतात. प्रमाणपत्र तीन वर्षांसाठी असते आणि मधल्या काळात राज्याकडून फेरतपासणी होते. पात्र संस्थेस प्रोत्साहनपर अनुदानही मिळते. याच्या जोडीला १५ मे २०१५ रोजी ‘कायाकल्प’ योजना सुरू झाली. स्वच्छता, कचऱ्याची विल्हेवाट आणि संसर्ग नियंत्रण यांवर तिचा भर आहे. या योजनेत संस्था आधी स्वतःचे परीक्षण करते, मग शेजारच्या संस्थेचे सहकारी येऊन परीक्षण करतात आणि शेवटी बाहेरचे पथक येते. डिसेंबर २०१७ मध्ये प्रसूतिकक्ष आणि तेथील शस्त्रक्रियागृह यांच्यासाठी ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम आला. प्रसूतीच्या वेळी मातेला सन्मानाने वागविणे, तिच्याजवळ विश्वासाची एक स्त्री असू देणे आणि तिचे एकांत राखणे, या गोष्टीही त्यात गुणवत्तेच्या कसोट्या मानल्या आहेत. बाळंतिणीवर ओरडणे हा आता केवळ स्वभावाचा दोष उरलेला नाही. तो सेवेतील दोष ठरला आहे.

आपल्याच जिल्ह्याचा वारसा

मित्रहो, गुणवत्ता म्हटली की ती शहरातून खेड्याकडे यावयाची, असा एक समज आहे. आपल्या जिल्ह्याने तो कधीच खोटा ठरविला आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावांनी निवडून दिलेल्या स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडविले. त्यांतील अनेकींना अक्षरओळखही नव्हती. गरोदर स्त्रीची काळजी, बाळाचे वजन, जुलाब झालेल्या मुलाला द्यावयाचे मीठ-साखरेचे पाणी, या गोष्टी त्या शिकल्या आणि शेजारणींना शिकवू लागल्या. प्रकल्पाच्या क्षेत्रात १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. दोन दशकांनंतर हे प्रमाण तीसच्या खाली आले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्काराने गौरविण्यात आले. आज देशभर काम करणाऱ्या आशा कार्यकर्तीमागील विचाराला या प्रयोगाचे मोठे पाठबळ आहे.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनेही अशीच वाट चोखाळली. प्रशिक्षित गावकरी स्त्रियांनी घरोघरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेतली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसून आले. २०११ मध्ये केंद्र शासनाने गृहभेटींद्वारे नवजात शिशू सेवेचा कार्यक्रम देशभर स्वीकारला. दोन्ही ठिकाणी कामाची रीत ठरलेली होती, नोंद चोख होती आणि काम करणारी व्यक्ती गावाला उत्तरदायी होती. गुणवत्तेची ही त्रिसूत्री कोणत्याही उपकेंद्रास लागू पडते.

प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष

योजनांची माहिती देताना त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा अर्भकांचा अंत झाला. त्यानंतर राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले. तरीही त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला आपल्या जिल्ह्याच्या मुख्यालयी, जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि दहाहून अधिक रुग्णांना प्राण गमवावे लागले. या घटना विसरता येण्यासारख्या नाहीत आणि विसरूही नयेत. तपासणी म्हणजे उपाय नव्हे, हा त्यांचा धडा आहे. अहवाल फायलीत आणि दोष भिंतीत, अशी स्थिती जेथे असेल तेथे प्रमाणपत्राची चौकट कितीही सुंदर असली तरी ती रुग्णाचे रक्षण करू शकत नाही. दोष आढळला, निधीची मागणी झाली, निधी मिळाला, काम पूर्ण झाले. या चार पायऱ्यांपैकी आपण कोठे थांबलो आहोत, हे प्रत्येक संस्थाप्रमुखाला आणि त्याच्या वरिष्ठांना सांगता आले पाहिजे.

तीच गोष्ट औषधांची आणि मनुष्यबळाची. औषध खरेदीसाठी राज्याने २०२३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला. परंतु गावच्या रुग्णाच्या दृष्टीने खरेदी तेव्हाच पूर्ण होते, जेव्हा रक्तदाबाची गोळी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातही त्याच्या हातात पडते. रिक्त पद भरले जाईपर्यंतचा काळही रुग्णाला काढावाच लागतो. म्हणून मागणी वेळेवर नोंदविणे आणि तिचा पाठपुरावा करणे हे लिपिकाचे काम दिसत असले तरी तोही उपचाराचाच भाग आहे.

उपचार कमी पडणे हा जसा दोष, तसा अनावश्यक उपचार हाही दोषच होय. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला, तेव्हा शासनाला २०१९ मध्ये चौकशी समिती नेमावी लागली. आपल्या तालुक्यातही सोनई आणि भेंडे येथील साखर कारखान्यांच्या हंगामात तोडणी कामगारांची कुटुंबे येऊन राहतात. त्यांतील गरोदर स्त्रीची तपासणी गावाकडे सुरू झालेली असते आणि ती कोपीवर येताच खंडित होते; बाळाची लस चुकते. ही कुटुंबे आपल्या मतदारयादीत नसतील, पण हंगामाच्या काळात ती आपल्याच उपकेंद्राच्या क्षेत्रात असतात. त्यांचे माता-बाल संरक्षण कार्ड पाहून पुढील तपासणी करणे, ही सेवेच्या सातत्याची खरी परीक्षा आहे.

गावाचा वाटा

आता आपल्या हाती काय आहे, ते पाहू. ज्या उपकेंद्रांचे रूपांतर २०१८ नंतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत झाले आणि ज्यांना २०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर असे नाव मिळाले, तेथे जन आरोग्य समितीची तरतूद आहे. उपकेंद्र पातळीवर तिचे अध्यक्षपद सरपंचाकडे असते आणि समुदाय आरोग्य अधिकारी सचिव असतो. प्राथमिक आरोग्य केंद्र व ग्रामीण रुग्णालय येथे रुग्ण कल्याण समिती असते. शिवाय गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे. २००७ पासून महाराष्ट्रातील काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला. त्यात गावकऱ्यांनी दवाखान्याचे प्रगतिपत्रक भरले आणि जनसुनावणीत अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडले. म्हणजे अधिकार आहेत, व्यासपीठही आहे. उणीव असते ती बैठकीत नेमके प्रश्न विचारण्याची.

सरपंच व सदस्यांनी दर बैठकीत निदान पाच प्रश्न विचारावेत. गेल्या महिन्यात कोणती औषधे किती दिवस संपलेली होती? प्रसूतिकक्षात पाणी, वीज आणि हात धुण्याची सोय अखंड होती काय? येथून किती रुग्ण पुढे पाठविले आणि त्यांचे पुढे काय झाले? मागील तपासणीत निघालेल्या दोषांपैकी किती दूर झाले? रुग्णांच्या तक्रारी किती आल्या आणि त्यांना काय उत्तर दिले? हे प्रश्न आरोप म्हणून विचारू नयेत. वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिका यांनाही अनेकदा हेच हवे असते, कारण सभेच्या इतिवृत्तात नोंदलेली अडचण वरिष्ठ कार्यालयात अधिक वजनाने पोहोचते. ज्या गावात तक्रार म्हणजे भांडण आणि स्तुती म्हणजे खुशामत असे समीकरण झाले असेल, तेथे हे प्रश्न दोन्हींमधला मार्ग दाखवितील.

शिक्षकांचा वाटाही कमी नाही. शाळकरी मुलांच्या आरोग्य तपासणीसाठी असलेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे सुरू झाला. पथक येते, मुले तपासते आणि काहींना पुढील उपचारांसाठी चिठ्ठी देते. पण ती चिठ्ठी दप्तरात राहिली तर तपासणीची संख्या वाढेल, मुलाला काहीच मिळणार नाही. कोणत्या मुलाला चिठ्ठी मिळाली आणि तो रुग्णालयात गेला की नाही, याची एक साधी वही शिक्षकाने ठेवली, तर हृदयाला छिद्र असलेले किंवा कानाने अधू असलेले एखादे मूल वेळेत उपचाराला लागेल.

आणि आम्हा शासकीय कर्मचाऱ्यांचे काय? मानके मराठीत, मोठ्या अक्षरांत, दवाखान्याच्या दर्शनी भागी लावणे हे आमचे पहिले काम. कोणत्या सेवा मिळतात, त्या विनामूल्य आहेत, तक्रार कोणाकडे करावयाची, हे निरक्षर माणसालाही कोणी वाचून दाखवावे इतके ते सोपे असले पाहिजे. तपासणीच्या आदल्या दिवशी होणारी रंगरंगोटी वर्षातून एकदा होते. पण रुग्ण रोज येतो. रोजच्या रुग्णालाच तपासणी पथक मानावे, हा गुणवत्तेचा सर्वांत सोपा नियम आहे.

मित्रहो, आकडे सुधारले याचे समाधान जरूर मानावे. परंतु एक लाख जन्मांमागे तेहतीस हा आकडा म्हणजे तेहतीस घरे आहेत. त्यांतील बऱ्याच घरांतील आई दवाखान्याच्या दारापर्यंत आली असेल. दाराच्या आत तिला काय मिळावे, हे आता लिहिलेले आहे, आणि मोजता येण्याजोगेही आहे. ते मोजण्यासाठी गावाने येत्या बैठकीतच पहिला प्रश्न विचारावा, ही आपणां सर्वांना विनंती आहे.